अंबूअक्कांची पुळ्ळी

हे वाचून हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण सांगताना मला मध्ये कुणी थांबवलेलं चालत नाही. मी मिरजेची बाई. मांजर आडवं गेलं तर मांजराला बाजूला करून पुढे जाणारी. पण आजही कुणी माझ्यापुढे इंग्रजी कागद ठेवला आणि त्याच्या शेवटी पूर्णविराम नसला, तर माझा हात पेनाकडे जातो आणि अर्ध्यावर थांबतो. हाताखालच्या पोरी म्हणतात, "मॅडम, द्या ना ठिपका, एवढं काय त्यात?" काय सांगू त्यांना, कपाळ! कुंभकोणमच्या अंबूअक्कांची गोष्ट उभ्या उभ्या सांगण्यासारखी नाही.

नवऱ्याची बदली झाली म्हणून आम्ही कुंभकोणमला गेलो. परदेशी मासिकांची प्रुफं तपासणाऱ्या एका लहानशा कचेरीत मला काम मिळालं. तिथल्या मुख्य बाईंनी आठव्या दिवशीच बोलावून घेतलं. म्हणाल्या, "तुमचं इंग्रजी बरं आहे हो, पण तुम्हाला थांबता येत नाही. एका वाक्यात चार वाक्यं कोंबता आणि मध्ये स्वल्पविराम टाकून मोकळ्या होता. अंबूअक्कांकडे जा. आम्ही सगळ्या तिथेच शिकलो." मला अस्सा राग आला! एम. ए. झालेल्या बाईला पूर्णविराम शिकायला पाठवतात म्हणजे काय? पण नोकरी टिकवायची होती. गेले.

महामहम तळ्याच्या मागच्या गल्लीत अक्कांचा टायपिंगचा क्लास होता. पुढची खोली, सहा टाइपरायटर, मशीनच्या तेलाचा वास आणि दारावर इंग्रजी पाटी. पंच्याहत्तरीच्या, काटकुळ्या, सुती लुगड्यातल्या बाई. चष्म्याला काळी दोरी. उजव्या हाताच्या करंगळीशेजारचं बोट टोकाला चपटं झालेलं, कारण पूर्णविरामाची कळ त्या बोटानं दाबतात आणि ती त्यांनी पन्नास वर्षं दाबली होती.

मी मोडक्या तमिळमध्ये सुरुवात केली. त्यांनी कपाळाची टिकली पाहिली, मंगळसूत्र पाहिलं, आणि म्हणाल्या, "पुण्याची कीं तूं?"

"अय्या, तुम्ही मराठी बोलता?"

"मग काय बोलूं? तीनशें वर्षें घरांत हेंच बोलतों."

मला वाटलं, एखादी बखरच तोंड उघडून बोलायला लागली. राजांच्या दरबाराबरोबर तंजावरात आलेलं घराणं, बाहेर तमिळ आणि उंबऱ्याच्या आत ही अशी मराठी. मी मिरजेची आहे हे त्यांना दहादा सांगितलं. पण त्यांच्या लेखी महाराष्ट्रात पुणं सोडून दुसरं गावच नव्हतं. शेवटपर्यंत त्या मला "अगे पुणें" अशीच हाक मारायच्या.

पहिल्या दिवशी त्यांनी मला मशीनला हातसुद्धा लावू दिला नाही. माझाच लिहिलेला कागद दिला आणि मोठ्यानं वाच म्हणाल्या. स्वतः हातात फुटपट्टी घेऊन बसल्या. "पुळ्ळी आली कीं मी टेबलावर मारीन. तेव्हांच श्वास घ्यायचा. एरवीं नाहीं." पुळ्ळी म्हणजे ठिपका. दारापुढच्या रांगोळीतली, तिकडच्या कोलममधली, तीही पुळ्ळी आणि इंग्रजीतला पूर्णविराम तीही पुळ्ळी. मी वाचत सुटले. ओळी संपल्या, श्वास संपला, डोळ्यांपुढे काजवे चमकले, तरी फुटपट्टी काही वाजेना. शेवटी मी खोकत खाली बसले.

"पाहिलेंस? वाचणारा मेला असता," अक्का शांतपणे म्हणाल्या. "कोलमांत पुळ्ळी आधीं ठेवितों, मग रेघ. इंग्रजींत रेघ आधीं, मग पुळ्ळी. एवढाच फरक."

त्यांचं शिकवणं असं होतं. दोन पुऱ्या वाक्यांच्या मध्ये स्वल्पविराम दिसला की म्हणायच्या, "दोघांना एका चादरींत कां निजवितेस?" पाटीवरच्या नावाला पूर्णविराम नसतो, कारण नाव म्हणजे वाक्य नव्हे. एखाद्या संक्षिप्त शब्दाचा ठिपका वाक्याच्या शेवटीच आला, तर आणखी ठिपका द्यायचा नाही. "एका माणसाला दोनदां जाळतात काय?" त्या असं म्हणाल्या की पोरी फिदीफिदी हसायच्या. मलाही हसू यायचं. फक्त अक्का हसायच्या नाहीत.

दोन गोष्टींवर मात्र त्या फार काटेकोर होत्या. पहिली, कळ हलक्या हातानं मारायची. टाइपरायटरवर पूर्णविराम जोरात मारला की कागदाला भोक पडतं. कुणाचं टाइप करून झालं की अक्का तो कागद दारातल्या उजेडात धरायच्या. कागदातून उन्हाचे बारीक बारीक ठिपके त्यांच्या चेहऱ्यावर पडायचे, आणि त्यावरून त्या सांगायच्या, "आज कोणाशीं भांडून आलीस?" त्यांचा अंदाज चुकल्याचं मी पाहिलं नाही. दुसरी गोष्ट, ठिपक्यानंतर लांब पट्टी दोनदा दाबायची. दोन मोकळ्या जागा सोडायच्या. मी नेहमी विसरायची. आमच्या कचेरीत एकच जागा सोडायची पद्धत, दोनची पद्धत कधीच गेली, असं मी त्यांना पटवायला पाहायची.

"गेली तर जाऊं दे. एका जागेंत पुढचें वाक्य बसेल कोठें? त्याला यायला वाट नको?"

मी तेवढ्यापुरती पट्टी दोनदा दाबायची आणि पुढच्या ओळीला पुन्हा विसरायची.

क्लासबरोबर त्या गावाचे कागदही करून द्यायच्या. अर्ज, तक्रारी, मृत्युपत्रं. पापनाशमपासून लोक यायचे. पण अक्कांचा एक नियम गावभर माहीत होता. कुणाचाही कागद असो, शेवटचा पूर्णविराम त्या द्यायच्या नाहीत. कागद बाहेर काढायच्या, पेन पुढे करायच्या आणि म्हणायच्या, "ज्याचें वाक्य त्यानें संपवावें." मग तो माणूस, शिकलेला असो की अंगठेबहाद्दर, वाकून तेवढा एक ठिपका द्यायचा, आणि मग सही. मी एकदा विचारलं, हे काय खूळ? तर म्हणाल्या, "आमच्या वडिलांचे मोडी कागद बघ. पुळ्ळी म्हणून नाहीं. लेखणी उचलायचीच नाहीं. इंग्रज आला तो पुळ्ळी घेऊन आला. आपली वस्तु नव्हे ती, जपून वापरावी."

इथवर ठीक होतं. विक्षिप्त म्हातारी म्हणून मी घरी नवऱ्याला नकला करून दाखवायची. मग त्या वखारवाल्या मुदलियारांचं झालं.

मुदलियार अंथरुणाला खिळले होते. डॉक्टर आज की उद्या म्हणाले होते. त्यांच्या मुलानं वर्तमानपत्रात द्यायचा निधनाचा इंग्रजी मजकूर आधीच करून मागितला. अक्कांनी चार ओळी टाइप केल्या आणि शेवटी थांबल्या. मुलगा म्हणाला, "पुरं करून द्या ना." अक्का म्हणाल्या, "त्यांना पेन धरतां येत नाहीं. मग मला वाट पाहिली पाहिजे." तो चिडून गेला. आठ दिवस गेले. कागद मशीनशेजारी वहीखाली पडून होता.

नवव्या दिवशी, तीन-साडेतीनची वेळ. सहाही मशीनं चालू, खोलीत नुसता खडखडाट. आणि अचानक सगळ्या मुली एकदम थांबल्या. कुणी थांबा म्हटलं नव्हतं. नंतर एकेकीला विचारलं, तर प्रत्येक जण म्हणाली, मला वाटलं बाकीच्या थांबल्या म्हणून. त्या शांततेत अक्का उठल्या, पहिल्या मशीनमधला कागद काढून वहीखालचा कागद रुळात घातला, ओळ जुळवली आणि त्या चपट्या बोटानं एकच कळ मारली. टक्. मग पट्टीवर दोनदा अंगठा. कागद काढून त्यांनी पाकिटात घातला.

दहा मिनिटांनी मुदलियारांचा मुलगा अनवाणी पळत आला. अक्कांनी पाकीट पुढे केलं. त्यानं उघडून पाहिलं, शेवटचा ठिपका पाहिला आणि म्हणाला, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणीं नाहीं."

मुली गेल्यावर मी धीर करून विचारलं, "अक्का, खरं सांगा. कसं कळलं?"

"वाक्य संपलें कीं ऐकूं येतें," त्या मशीनवर कापड टाकत म्हणाल्या. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तुला अजून येत नाहीं. येईल."

तेवढं एक "येईल" मला नको होतं. घरी जाताना भर उन्हात माझ्या अंगावर काटा होता.

अक्कांच्या घरात त्यांची भावजय रुक्मिणी आणि तिची मुलगी पद्मिनी राहायच्या. अक्का स्वतः लग्न न केलेल्या. धाकटा भाऊ राघू, त्याची ही बायको. पद्मिनी पोटात असताना, नववा महिना लागलेला, राघू तिरुक्करुगावूरच्या देवीचं मंतरलेलं एरंडेल आणायला गेला. बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून बायका ते पोटाला लावतात. बसनं जाऊन दुपारपर्यंत परत यायचं. गेला तो आलाच नाही. पद्मिनी आता अठ्ठावीस वर्षांची होती.

हे मला रुक्मिणीवहिनींनी सांगितलं, तेही स्वयंपाकघरात, आवाज खाली आणून. पद्मिनीचं लग्न तीनदा मोडलं होतं. मुलाकडचे विचारायचे, वडील आहेत का? आहेत म्हणावं तर कुठे आहेत? नाहीत म्हणावं तर कागद कुठे आहे? बेपत्ता माणूस मेला असं ठरवायला कोर्टात अर्ज करावा लागतो. तो अर्ज अक्कांनीच टाइप केला होता, चार पानं, सात वर्षांपूर्वी. शेवटचा ठिपका राहिला होता, आणि तो रुक्मिणीला द्यायला अक्का पेन पुढे करत नव्हत्या.

"मी कुंकू लावितें तें कोणाच्या नांवाचें, तेंच मला ठाऊक नाहीं," वहिनी म्हणाल्या. "तुझें त्या ऐकतात. पोरीचें आयुष्य अडलें आहे, बोल कीं त्यांच्याशीं."

मी आपली शहाणी! गेले रविवारी बोलायला. क्लास बंद, सहाही मशीनं कापडाखाली. मी सरळ विषय काढला. वाटलं होतं अक्का चिडतील. त्या चिडल्या नाहीत, फक्त बसल्या जागी लहान झाल्या. म्हणाल्या, "त्या दिवशीं सकाळीं मी त्याला बोलले. नोकरी नाहीं, मूल येणार. मी नोकरीचा एक अर्ज करून दिला. म्हटलें, ह्यावर पुळ्ळी ठेव, सही कर, मग तोंड दाखव. त्यानें अर्ज खिशांत घातला, म्हणाला, तेल घेऊन येतों, मग ठेवितों." त्यांनी चष्मा काढून पुसला. "त्यानें अजून ठेविली नाहीं, पुणें. मग मी त्याच्या कागदावर कशी ठेवूं देऊं?"

मी शेजारच्या मशीनवरचं कापड उगाच सारखं केलं. त्यांनाच माझी दया आली असावी. खण उघडून त्यांनी ती चार पानं काढली. "चुका असतील तर बघ. तपासल्याशिवाय कोर्टांत कसें द्यायचें?" मला कळलं, त्या वेळ काढतायत. पण मीही हुश्श केलं आणि पर्समधलं पेन काढून वाचायला लागले.

आता माझा धंदा काय? दिवसाला चाळीस पानं नजरेखालून घालायची. डोळा वाचतो, हात दुरुस्त करतो, डोक्याला पत्ता नसतो. अक्कांचं टाइपिंग, त्यात चूक कसली सापडणार! मी ओळीमागून ओळ सरकत गेले. चौथं पान. शेवटचं वाक्य: सदर इसम हयात नाही असे मानण्यात यावे. मागे कुठेतरी टक् असा आवाज झाला. आणि मी पाहते तो माझ्या पेनानं त्या वाक्यापुढे ठिपका दिला होता. नुसता दिला नव्हता, टोक कागदातून आरपार गेलं होतं.

"ऐयो," मी म्हटलं, चक्क तमिळमध्ये. "अक्का, मी... माझा हात... खोडते, आत्ता खोडते."

अक्का माझ्याकडे पाहत नव्हत्या. कापडाखालच्या मशीनांकडे पाहत होत्या. म्हणजे आवाज त्यांनीही ऐकला होता.

"किती वाजले?"

"चार वाजून दहा मिनिटं."

"पुळ्ळी खोडतां येते," त्या म्हणाल्या. "भोंक बुजत नाहीं. जा तूं घरीं."

मी दोन दिवस जेवले नाही. नवरा म्हणाला, वेडी आहेस का, शाईचा एक ठिपका! मी त्याच्यापुढे ताट आपटलं.

मंगळवारी तिरुनीलक्कुडीहून एक पोलीस शिपाई क्लासचा पत्ता शोधत आला. तिथल्या देवळाच्या आवारात झाडलोट करणारा, कधी नाव न सांगणारा एक म्हातारा गेला होता. त्याच्या गाठोड्यात क्लासचा पत्ता छापलेलं एक जुनं पाकीट होतं, आणि तेलाची एक बाटली, बूच न उघडलेली. तिरुनीलक्कुडी म्हणजे बसनं अर्धा तास. अठ्ठावीस वर्षं तो माणूस अर्ध्या तासावर झाडू मारत होता. का परत आला नाही? ते कुणालाच कळलं नाही, आणि मलाही माहीत नाही. फुलं विकणारी बाई शिपायाला म्हणाली होती, रविवारी दुपारी चारच्या सुमारास भिंतीला टेकून बसला, तो उठलाच नाही.

रुक्मिणीवहिनींनी बाटली पदरात घेतली आणि ओक्साबोक्शी रडल्या. अक्कांनी पाकीट घेतलं. आतला अर्ज पिवळा पडलेला, घड्यांवर फाटलेला. त्या तो घेऊन दारात उजेडाला गेल्या आणि मला म्हणाल्या, "अगे पुणें, इकडे ये."

मी पाय ओढत गेले. अर्जाखाली सही होती. शेवटच्या वाक्यापुढे पूर्णविराम होता. कागद जुनापुराणा, टाइपची अक्षरं विटून तपकिरी झालेली, पण सहीची आणि ठिपक्याची शाई काळी कुळकुळीत. अक्कांनी त्यावरून बोट फिरवलं तर बोटाला किंचित काळं लागलं.

"त्याचें वाक्य त्यानेंच संपविलें," त्या म्हणाल्या. "तूं काहीं केलें नाहींस. तूं फक्त ऐकलेंस."

मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. मशीनच्या तेलाचा वास येत होता त्यांच्या अंगाला.

पद्मिनीचं लग्न वर्षभरात झालं, गावातच. पुढे आमची बदली होऊन आम्ही मिरजेला परत आलो. अक्कांची पत्रं यायची, टाइप केलेली, आणि शेवटचा ठिपका नेहमी पेनानं दिलेला. मग पत्रं थांबली. पद्मिनीचा फोन आला: अक्कांना झटका आलाय, उजवं अंग गेलंय, दोन महिने अंथरुणावर आहेत, आणि सारखं "पुणें" म्हणतायत. आम्हाला वाटतं, तुम्हाला बोलावतायत.

मी पोचले ती दुपारी. पुढच्या खोलीत क्लास नव्हता, पाच मशीनं विकलेली, एकच राहिलेलं. अक्का आतल्या खोलीत. पार वाळून गेल्या होत्या, पण डोळे तसेच. पद्मिनी म्हणाली, "तुम्ही बसा, मी आईला दवाखान्यातून घेऊन येते," आणि गेली.

अक्कांनी डाव्या हातानं पुढच्या खोलीकडे खूण केली. मशीनमध्ये कागद होता. झटका यायच्या आधी कधीतरी घातलेला असणार, वर धूळ बसली होती. एकच इंग्रजी वाक्य: अंबुजाबाईंनी या खोलीत पन्नास वर्षं टायपिंग शिकवलं. पुढे काही नाही. मला समजायचं ते समजलं. मी परत जाऊन त्यांच्यावर ओरडलेच.

"मी नाही देणार! ज्याचं वाक्य त्यानं संपवायचं. तुमचाच नियम ना?"

त्यांनी डाव्या हातानं आपला उजवा हात उचलला आणि सोडला. तो गादीवर पडला. "बोट कोठें आहे?" बोबड्या आवाजात त्या म्हणाल्या. मग जरा दम खाऊन, "त्या दिवशीं न विचारतां ठेविलीस. आज मागतें, तर ठेव. दुखतें फार."

मी उंबऱ्यात उभी राहिले. मग बाहेर गेले, मशीनपुढे बसले, उजव्या हाताचं तेच बोट त्याच कळेवर ठेवलं, आणि आयुष्यात कधी नव्हे इतक्या हलक्या हातानं दाबलं. टक्. कागद रुळातच ठेवून वाकून उजेडाकडे पाहिलं. भोक पडलं नव्हतं.

आत गेले. काहीच झालं नव्हतं. अक्का टक्क जाग्या होत्या. म्हणाल्या, "बरी मारलीस." मला इतकं हायसं वाटलं की हसूच फुटलं. म्हटलं, मी खुळी आणि तुम्ही माझ्याहून खुळ्या. त्या म्हणाल्या, "काफी कर. साखर घाल, हे लोक घालीत नाहींत."

मी स्वयंपाकघरात गेले. फिल्टरमधला अर्क उतरलेला होता, दूध चढवलं, साखर शोधली. दूध वर येत होतं तेव्हा पुढच्या खोलीतून आवाज आला. ठप्. आणि जरा थांबून, ठप्. मशीनच्या लांब पट्टीचा आवाज. पद्मिनी आली असं वाटून मी हाक मारली. कुणी ओ दिली नाही.

गॅस बंद करून मी बाहेर आले. अक्का होत्या तशाच गादीवर होत्या, डोळे मिटलेले, उजवा हात पडला होता तिथेच पडलेला. मी नाकापुढे हात धरला, मग काढून घेतला. पुढच्या खोलीचं गल्लीकडचं दार बाहेरून लावलेलं होतं, पद्मिनी लावून गेली होती तसंच. ठिपका देऊन मी नेहमीप्रमाणे दोन जागा सोडायच्या विसरून उठले होते. मशीनची कागद धरून सरकणारी कॅरेज आता त्या ठिपक्यापासून दोन जागा पुढे सरकून उभी होती.